तीनास दोन

लालबाग, मुंबई
ता. ६ फेब्रुवारी १९५६

श्रीयुत कमलाकांतभाऊ त्रिलोकेकर यांस,
गुणाजी परबाचा सप्रेम नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, माफ करा. तुमचं कार्ड दिवाळीच्या पाडव्याला आलं आणि आज फेब्रुवारी उजाडला. मधे नोव्हेंबरातला गोळीबार, मग गेल्या महिन्यातला. आमच्या नाक्यावर संचारबंदी होती. आनंदाला, म्हणजे माझ्या मुलाला, मी आठ दिवस दाराबाहेर सोडला नाही. तो म्हणाला, "बाबा, सगळी गिरणी रस्त्यावर आहे, मी एकटाच घरात बसू?" मी दाराला पाठ लावून बसलो. पण भाऊ, खोटं का लिहू, पोस्ट काही तीन महिने बंद नव्हतं. रोज दौत काढायचो आणि परत ठेवायचो.

आणखी एक. असली गोष्ट उघड्या कार्डावर लिहायची असते का? दारूबंदीचे दिवस. पोस्टमननं ते कार्ड जिन्यात उभं राहून रखमाला, माझ्या सुनेला, वाचून दाखवलं. "घोडाछापचं प्रमाण कळव." ती बिचारी विचारते, "मामांनू, ह्या घोड्याचा काय हा?" मी म्हटलं, औषध आहे. तेव्हा मी या पत्रात औषधच म्हणेन.

तुम्ही लिहिता की डॉक्टरांनी छातीसाठी तुम्हाला परमिट दिलं, आणि परमिटाच्या दुकानातल्या सगळ्यात स्वस्त दोन लाल बाटल्या आणून तुम्ही आपल्या होलवे कंपनीची घोडाछाप घरी जुळवून पाहिली. वहीतलं प्रमाण आठवून. तीन मापं फ्रेंच, दोन मापं आफ्रिकेतल्या केपची. आणि ती जुळली नाही. प्रमाण बरोबर आहे ना, एवढंच विचारता.

बरोबर आहे. वहीत तेच होतं. मी पिपाच्या तोटीशी उभा राहून ओरडायचो, तुम्ही टेबलाशी बसून लिहायचात. चौदा वर्षं तळघरात तेच चाललं.

आता माझ्या अल्पमतीनं सांगतो. बाटली उघडून लगेच पिऊ नका, तासभर राहू द्या. पेला काचेचा घ्या, पितळेचा भलतीच चव आणतो. रंग धोतराच्या सोग्यावर धरून बघा. कडेला जांभळाच्या सालीसारखा दिसला तर ठीक, विटेसारखा झाला असेल तर बाटली जुनी झाली. मग हुंगा. आपल्या औषधात पहिल्यांदा रातांब्याचा, ताज्या कोकमाचा, आंबट वास यायचा, त्याच्यामागून ओल्या गोणपाटाचा. तोंडात घेतल्यावर हिरड्यांना काजूच्या बोंडूसारखा तुरटपणा लागला पाहिजे. लागतो का?

मी जन्मात एक घोटही गिळला नाही, हे तुम्ही जाणता. आईनं मला बोटीवर बसवताना रवळनाथासमोर शपथ घातली होती. मी तोंडात घोळवून भुशाच्या बादलीत थुंकायचो, तुम्ही हसायचात. तेव्हा पोटात गेल्यावर काय होतं ते मला विचारू नका.

तब्येत सांभाळा. दुर्गावहिनींना नमस्कार.

तुमचा,
गुणाजी

———

ठाकुरद्वार, गिरगाव
१४ फेब्रुवारी १९५६

प्रिय गुणाजी,

तुझं पत्र मिळालं आणि जीव भांड्यात पडला. जानेवारीत रोज लालबागचं नाव ऐकून दुर्गा देवाजवळ तुझ्या नावानं उदबत्ती लावत होती. आमच्या गल्लीतही खिडक्या लावून बसलो होतो. तरी बरं, आनंदा सुखरूप आहे.

औषध काय रे! परमिट माझ्या नावाचं आहे, त्यावर सरकारी शिक्का आहे. खुशाल वाइन लिही. आता कार्ड टाकत नाही, झालं? तुझ्या सुनेला सांग की घोडा म्हणजे बाटलीवरच्या चिठ्ठीवरचं चित्र. शनिवारी संध्याकाळी फोर्टातला प्रत्येक कारकून आणि प्रत्येक बँडवाला ती बाटली पिशवीत लपवून घरी न्यायचा. रुपया दोन आण्यांत साहेब झाल्यासारखं वाटायचं.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. तासभर ठेवली, सोग्यावर धरली (दुर्गा म्हणाली, "डाग पडला तर स्वतः धुवायचा"). रातांबा आला. गोणपाटही आलं. तुरटपणाही आला. आणि गिळल्यावर काही नाही. दार उघडावं आणि आत घरच नसावं, तसं. आपली घोडाछाप गिळून झाल्यावर मागे राहायची, गुणाजी. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जांभळी राहते तशी.

तेव्हा निकाल लागला. वाइन बरोबर, प्रमाण बरोबर, म्हणजे माझी जीभ गेली. पावसाळ्यातल्या टायफॉईडनं नेली, दुसरं काय? मला तेव्हापासूनच शंका होती. आता मी बाजारात जायचं सोडलं आहे. तुला माहीत आहे, आम्हा प्रभू लोकांच्या घरी मासळी पुरुषानं पारखून आणायची आणि तिच्या भुजण्याची पहिली चव त्यानं घ्यायची. चव कळत नसेल तर मी कोणत्या तोंडानं पापलेट उलटून बघू? दुर्गा आणते, दुर्गा चाखते, मी जेवतो. मीठ कमी आहे का म्हणून तिनं विचारलं तर म्हणतो, तूच सांग. परवा ती स्वयंपाकघरात रडली. कांदा चिरत होते म्हणाली. पाटावर कांदा नव्हता.

एक बरं आहे, प्रमाणाबद्दल मला कधी संशय नव्हता. तू ओरडलास ते मी लिहिलं. होलवे साहेबानं मला काढलं, वीस वर्षं रे रोडच्या लाकडाच्या वखारीत काढली, पण ती वही स्वच्छ होती आणि तू माझ्या बाजूनं खरं बोललास, एवढ्यावर मी निभावलं.

तुझा,
कमलाकांत

———

लालबाग
ता. २ मार्च १९५६

श्रीयुत कमलाकांतभाऊ यांस नमस्कार.

तुमचं पत्र वाचून तीन दिवस मला जेवण गेलं नाही. रखमानं वैद्याला बोलावलं. त्यानं जीभ बघितली आणि म्हणाला, "आजोबा, काळजी करू नका." मी म्हटलं, ही जीभ माझी बघू नका, माझ्या मित्राची बघा. त्याला वाटलं मला वात झाला.

भाऊ, तुमची जीभ गेलेली नाही. ज्याला रातांबा कळतो, गोणपाट कळतं, आणि मागे काही नाही हेही कळतं, त्याची जीभ कशी गेली? वहिनींना सांगा की गुणाजी म्हणतो, जीभ आहे.

असं करून बघा. परमिटावर गोड पोर्ट मिळते का पाहा. बाळंतिणीला डॉक्टर देतात ती लाल, दाट. तीन मापं आणि दोन मापं घातल्यावर तिचं अर्धं माप घाला. काठोकाठ नको, बोटभर कमी. आणि ती शेवटी घालायची, आधी घातली तर केपच्या खाली दबते. मग बाटली आडवी न करता एक दिवस ठेवा.

हे मला असंच सुचलं. आजकालच्या वाइनी पूर्वीसारख्या नसतील, म्हणून तेवढा आधार द्यावा, एवढंच. यात दुसरं काही नाही. नाही जुळली तर सोडून द्या, परत परत करत बसू नका. छातीला बरं नाही.

बाजारात मात्र जा.

तुमचा,
गुणाजी

———

ठाकुरद्वार
११ मार्च १९५६, रविवार

गुणाजी, गुणाजी, गुणाजी!

आली! अगदी तीच. दुपारी जेवणाआधी पेला घेतला. रातांबा, गोणपाट, बोंडू, सगळे पाहुणे ओळीनं आले, आणि गिळल्यावर ती मागे राहिली. मी बोलेना तेव्हा दुर्गा घाबरून म्हणाली, "छातीत दुखतंय का?" मी म्हटलं, अगं, आज आमटीत चिंच जास्त आहे. ती म्हणाली, "आहेच! मुद्दाम घातली होती, बघायला." आणि दोघं लहान मुलांसारखे हसत सुटलो. उद्या मी स्वतः बाजारात जाणार आहे. कोळणींना सांगून ठेव, त्रिलोकेकर जिवंत आहे!

तू जादूगार आहेस. इतक्या लांबून, न चाखता, कसं रे सुचलं तुला?

सोमवार.

कालचं पत्र टाकायचं राहिलं. बरं झालं. बाजारात गेलो, हलवा मासा आणला, चांगला निघाला. येताना चालता चालता एक गोष्ट डोक्यात आली ती जात नाही.

ज्याला असंच सुचतं तो म्हणतो, थोडी घालून बघा. तू म्हणालास, अर्धं माप, बोटभर कमी, शेवटी. हा अंदाज नव्हे, हा हात आहे. आणि ती काल घोडाछापच्या जवळपास आली असं नाही, ती घोडाछापच होती. माझी जीभ ठीक आहे, हे तूच सिद्ध केलंस. मग ही जीभ सांगते की मी चौदा वर्षं वहीत जे लिहिलं ते बाटलीत नव्हतं.

एकच विचारतो. केव्हापासून?

कमलाकांत

———

लालबाग
ता. २५ मार्च १९५६

श्रीयुत कमलाकांतभाऊ यांस,

पहिल्यापासून. तुम्ही यायच्या आधी दोन वर्षांपासून.

आता सगळं लिहितो. शाळा तिसरीपर्यंत झाली, तेव्हा मांडणी चुकेल, पण आता लपवणार नाही.

तीनास दोन हे साहेबाचं प्रमाण. ती वाइन वाईट नव्हती, पण स्वस्त फ्रेंच पाण्यासारखी पातळ आणि केपची नुसती जाड. दोघी एका खोलीत भांडलेल्या जावांसारख्या बसायच्या. पोर्टची पिंपं रिकामी झाली की तळाशी शेर दोन शेर राहायचं. ते नासाडीत धरून ओतून द्यायचा हुकूम होता. एकदा मी ते ओतायच्या ऐवजी लाल पिपात घातलं. तोंडात घेतलं तर जावा बोलायला लागल्या होत्या. थुंकलं तरी चव राहिली. भाऊ, मला तेव्हा काय वाटलं ते सांगता येत नाही. गिरणीत गेलो असतो तर धागा जोडला असता, इथे मी एक चव जोडली.

साहेबाला सांगायला हवं होतं. पण प्रमाण त्याचं स्वतःचं, भिंतीवर चौकटीत लावलेलं. गोदामातल्या माणसानं ते चुकीचं आहे म्हणायचं? मला धीर झाला नाही. मी ओतायचो साडेपाच आणि ओरडायचो तीन, दोन. तुम्ही लिहायचात. दर शनिवारी दुकानापुढे रांग लागायची आणि साहेब म्हणायचा, बघा माझं प्रमाण.

मग छत्तीस साली क्लबाची मोठी मागणी आली. साहेबानं नमुना म्हणून स्वतः वहीप्रमाणे चार बाटल्या भरल्या, आणि माल गेला तो माझ्या हातचा. क्लबानं कळवलं की नमुना एक आणि माल दुसरा. साहेबानं मला वर बोलावून विचारलं, "पिपात काय भरलं होतं?" मी म्हटलं, "तीनास दोन, साहेब." तुम्ही तिथे उभे होतात. तुम्हाला वाटलं गुणाजी आपल्या वहीची साक्ष देतो आहे. पण साहेबानं हिशेब असा केला की पिपात बरोबर होतं, म्हणजे बदल नंतर बाटल्यांच्या कोठडीत झाला. आणि कोठडीची किल्ली तुमच्याकडे होती.

मी ते त्याच क्षणी समजलो. तुम्ही नाही समजलात. माझ्या घरी तेव्हा आनंदा लहान, बहीण लग्नाची. हे कारण म्हणून लिहीत नाही, होतं म्हणून लिहितो. तुम्ही संध्याकाळी छत्री घेऊन तळघरात आलात आणि मला म्हणालात, "तू खरं बोललास, तेवढं मला पुरे." वीस वर्षं झाली. कंपनी बंद झाली, साहेब विलायतेला गेला, ते वाक्य कुठे गेलं नाही.

तुमचं कार्ड आलं तेव्हा मनात आलं, नुसतं 'प्रमाण बरोबर आहे' म्हणून सुटेन. पण तुम्ही लिहिलंत की जीभ गेली. तुम्ही बाजारात जायचं सोडलंत. माझ्यामुळे तुमची नोकरी गेली, आता तुमच्या तोंडची चवही मीच नेणार होतो. तेवढं मात्र माझ्याच्यानं झालं नाही.

तुम्ही काय म्हणाल ते योग्यच असेल.

गुणाजी परब

———

ठाकुरद्वार
ता. ३० एप्रिल १९५६

गुणाजीभाऊ यांस दुर्गाबाईचा नमस्कार.

तुमची लागोपाठ दोन कार्डं आली, 'कुशल कळवा' म्हणून. कुशल आहे. यांनी तुमचं मोठं पत्र मला वाचून दाखवलं आणि कपाटात ठेवलं. लिहायला बसत नाहीत. बाजारात मात्र रोज जातात आणि कोळणींशी पूर्वीसारखे भांडतात. रविवारी पेला घेतात, तुम्ही सांगितलं तसाच. घोट घेतला की म्हणतात, "चोर!" आणि मग पुन्हा घोट घेतात.

यांचं हे यांच्यापाशी. माझं मी वेगळं सांगते. नोकरी गेली त्या दिवशी यांनी छत्री घेऊन घरी येऊन मला सगळं सांगितलं असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. ते रोजच्या वेळेलाच आले, आणि आठ दिवस रोज डबा घेऊन बाहेर पडत होते. मला कळू नये म्हणून चौपाटीवर बसत. मी तेव्हा आमच्या मुलाच्या, हेरंबाच्या वेळची चार महिन्यांची बाळंतीण होते. याचा राग मला तुमच्यावर आहे आणि तो मी लगेच सोडणार नाही.

पण त्या दिवशी आमटीतली चिंच यांना कळली, तो दिवसही तुमचाच. दोन्ही लिहून ठेवते. तुम्ही कार्डं पाठवणं थांबवू नका.

दुर्गाबाई

———

ठाकुरद्वार
३ जून १९५६

गुणाजी,

मला राग आहे. तो जाईल असं वचन देत नाही. वखारीतली वीस वर्षं मी रोज सागवानाचा भुसा नाकातून झटकत होतो आणि मनात म्हणत होतो, माझी वही तरी खरी होती. तू तेवढंही ठेवलं नाहीस. एक महिना मी तुला पत्र लिहून फाडत होतो. दुर्गेनं टोपली दोनदा रिकामी केली.

पण एक गोष्ट उरतेच. त्या चौदा वर्षांत दर शनिवारी मीही एक बाटली घरी नेली. माझ्या हातानं लिहिलेलं खोटं मी रविवारी मटणाबरोबर प्यायलो, आणि मुंबईतल्या कुठल्याही साहेबाच्या टेबलावर त्याहून चांगलं काही नव्हतं, असं तेव्हाही म्हणत होतो. आजही म्हणतो. वाइनच्या बाबतीत तू बरोबर होतास. माझ्या बाबतीत नव्हतास.

बाटल्या संपत आल्या. नव्या आणल्या आहेत, पण यावेळची फ्रेंच जास्तच आंबट आहे, बोटभर कमी पुरेल असं वाटत नाही. मला ते ठरवता येत नाही.

तू एका रविवारी इकडे ये. मी एक कोरी वही काढून ठेवली आहे. तू ओत, मी लिहीन. यावेळी जे ओतशील तेच ओरड.

कमलाकांत

———

लालबाग
ता. ७ जून १९५६

श्रीयुत कमलाकांतभाऊ यांस,
गुणाजीचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र माझ्या मुलानं, आनंदानं, वाचून दाखवलं, कारण माझा चष्मा ओला झाला होता. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मी तुम्हाला पोचवायला येईन."

यायला मी तयार आहे, पण काळज्या फार आहेत. रविवार कोणता, ते तुम्ही लिहिलं नाही. हरताळ निघाला तर ट्राम बंद असेल, मला आता लालबागहून चालत येववत नाही. दुसरं, परमिट तुमच्या नावावर आहे, माझ्याकडे नाही. मी नुसतं तोंडात घेऊन थुंकलं तर कायद्यानं ते पिणं होतं का? तुमचा पुतण्या मनमोहन वकील आहे, त्याला विचारून ठेवा. भुशाची बादली लागेल. भुसा नसला तर राख चालेल, पण उदबत्तीची नको, वास येतो.

फ्रेंच आंबट असेल तर पोर्ट पाऊण माप लागेल असं वाटतं, पण तोंडात घेतल्याशिवाय मी सांगणार नाही. आता अंदाजानं काहीच सांगणार नाही.

वहिनींना सांगा, त्यांनी राग सोडायची घाई करू नये. मी दारातच थोडा वेळ उभा राहीन, त्यांनी आत बोलावलं तर येईन.

इतक्या वर्षांत मोठ्यानं ओरडलो नाही, म्हणून काल घरात करून पाहिलं. भिंतीकडे तोंड करून ओरडलो, "तीन! दोन! पाऊण!" रखमा पोळपाट टाकून धावत आली, "मामांनू, काय झाला?" मी म्हटलं, काही नाही, बाई, आवाज निघतो का बघत होतो. निघतो, भाऊ. पाऊणही निघतो.

तेव्हा दिवस लवकर कळवा. माझं वय झालं, वाट बघवत नाही. उघड्या कार्डावर लिहिलंत तरी चालेल.

तुमचा,
गुणाजी